बापाच्या नाटकाचं परीक्षण

सर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज पहिल्यांदाच मला तुमच्यावर मनापासून चिडावंसं वाटतंय. नाटकावर कसं लिहायचं ते तुम्ही मला शिकवलंत, पण ते दुसऱ्याला कसं शिकवायचं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. गेल्या महिन्यात चिंचवडला एका संस्थेनं नाट्यपरीक्षण आणि कला-पत्रकारितेचं प्रशिक्षण ठेवलं होतं, दर शनिवार-रविवारी. शिकवायला मी. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आयुष्यात एक नाटक धड शेवटपर्यंत पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच तासाला एकानं विचारलं, "मॅडम, मध्यंतरातच रिव्ह्यू टाकला की व्ह्यूज जास्त येतात. मग शेवटपर्यंत बसायचं कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. तुम्ही असता तर त्याला दाराबाहेर काढलं असतंत. मी नुसतंच पाणी प्यायले.

पिंपरी स्टेशनजवळच्या आपल्या वर्तमानपत्राच्या कचेरीतली ती दुपार मला आठवते. 'नायिका ही भूमिका अक्षरशः जगली आहे' असं लिहून मी मोठ्या अभिमानानं तुमच्या टेबलावर ठेवलंय. तुम्ही चष्मा कपाळावर चढवता आणि विचारता, "नवऱ्याची तार आली तेव्हा ती बसली होती की उभी?" मला आठवत नाही. "जगली म्हणे! तू तिथं होतीस का, ते सांग आधी." सगळी कचेरी हसते, माझ्या डोळ्यांत पाणी येतं. संध्याकाळी जाता जाता तुम्ही त्याच नाटकाचं तिकीट माझ्या हातात ठेवता, शेवटच्या रांगेचं. "पुढं बसलं की सगळंच बरं दिसतं," एवढंच बोलता आणि निघून जाता. या तुमच्या पद्धतीला मी काय नाव देऊ? वर्गात कुणाला असं रडवलं तर आज ते दहा मिनिटांत मोबाइलवर गावभर होईल.

प्रशिक्षणार्थींना लिहायला म्हणून एक नाटक दाखवलं. चाकणच्या एका कंपनीतल्या कामगारांनी शिफ्ट सुटल्यावर तालमी करून बसवलेलं. प्रशिक्षणाचा खर्चही तीच कंपनी करत होती. संयोजक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पोरांना जरा पॉझिटिव्ह लिहायला सांगा. कामगार माणसं आहेत हो, हौसेनं करतात." सर, या 'हौसेनं'चा मला जितका संताप आला तितका त्या व्ह्यूजवाल्याचाही आला नव्हता. म्हणजे त्यांच्या नाटकाकडे कुणी नीट बघायचंही नाही का? पोरांना काही सांगायची वेळच आली नाही म्हणा. सगळ्यांनी आपण होऊनच 'हृदयस्पर्शी' लिहून आणलं.

एकीनं सोडून. मोशीची मुलगी, हिंजवडीत आयटीत नोकरी करणारी, वर्गात फारसं न बोलणारी. तिनं लिहिलं होतं: 'मुख्य नट समोरची बाई बोलते तेव्हा ऐकत नाही, आपली पाळी यायची वाट बघतो. बहीण घर सोडून जाते तेव्हाही त्याचं लक्ष तिच्याकडे नाही. मग ती गेल्याचं आपल्याला तरी काय वाटणार?' मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. तास संपल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ते माझे पप्पा आहेत."

नात्यातल्या माणसावर लिहायचं नाही, हा तुमचा पहिला नियम. मग काय करायचं होतं मी, तिचा कागद फाडायचा? वर्गात नाटक खरोखर पाहिलेली ती एकटीच होती! मी म्हटलं, "नातं वर स्पष्ट लिही. बाकी एक शब्द बदलू नकोस." तिनं तसं केलं, आणि घरी जाऊन पप्पांनाही वाचायला दिलं.

शेवटच्या रविवारी ते ओव्हरटाइम संपवून कंपनीच्या शर्टातच थेट वर्गात आले. "बापाचे वाभाडे काढायचे, हे शिकवता व्हय तुमी?" मी उठून उभी राहिले. तेवढ्यात मुलगीच बोलली, "पप्पा, मॅडमनी न्हाई सांगितलं. मला दिसलं ते लिहिलं. बहीण रडत निघाली, अन् तुमी लाइटकडं बघत होता."

"लाइट डोळ्यावर येतो माझ्या."

"मग लाइटवाल्याला सांगा ना तसं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ते खुर्चीत बसले. रुमालानं मान पुसली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "अजून काय न्हाई जमलं?" आणि ती सांगत राहिली, प्रवेशामागून प्रवेश. वर्गात एकाचाही फोन हातात नव्हता. मी एवढी तयारी करून जे बोलत होते, ते यातल्या कुणी इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

संस्थेच्या वेबसाइटवर शेवटी संयोजकांनी स्वतः लिहिलेलं कौतुकच आलं. मुलीचं परीक्षण त्यांनी घेतलं नाही. मी भांडले, काही उपयोग झाला नाही. पुढच्या प्रयोगाला ती आणि मी शेजारी बसलो. या वेळी बहीण निघाली तेव्हा पप्पा तिच्याकडेच बघत होते, इतकं मन लावून की स्वतःचं वाक्यच विसरले. रंगमंचावर कुणी बोलेना. त्या शांततेत ती बहीण खरोखर गेल्यासारखी वाटली. मुलीनं माझ्या कानात विचारलं, "मॅडम, हे चुकलं म्हणून लिहू, का जमलं म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला तरी आलं असतं का? आलं असतं तर तेव्हाच सांगून ठेवायचं होतंत!

हे पत्र टाकायचं कुठं, ते मला माहीत नाही, म्हणून माझ्याजवळच राहील. फक्त एक सांगते. त्या रविवारी तो माणूस तावातावानं दारातून आत आला तेव्हा मी घाबरले नव्हते. मला त्या मुलीचा हेवा वाटला. माझ्या घरात माझं लिहिलेलं कुणी कधी वाचलं नाही, सर. भांडायलासुद्धा तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.