दराबाचं पान

॥ श्री ॥

शनवारा, बऱ्हाणपूर
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय सुलभावन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. फोन कर ना, म्हणून तुमचे दादा रोज मागे लागतात, पण त्यांना स्पीकर लावल्याशिवाय फोनवर बोलता येत नाही, आणि मग नणंद-भावजयीच्या गप्पांत त्यांचं बातमीपत्र सुरू होतं. म्हणून आपलं पत्रच बरं.

आधी तुमच्या सुभेदाराची खबर. तुम्ही तुषारकडे नाशिकला राहायला गेलात, तिथे सोसायटीत कुत्रं चालत नाही म्हणून त्याला माझ्या ओटीत टाकलंत, तेव्हापासून तो आणि माझी बिजली एका जिवाचे झाले होते. श्रावणात बिजली गेली, हे तुम्हाला कळवलंच होतं. तेव्हापासून हा जिन्याखाली, ती जिथे निजायची त्या गोणपाटाशी बसून असतो. खाणं निम्म्यावर आलं आहे. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट दाबून पाहिलं, रोग काही नाही म्हणाले. सोबत हवी आहे त्याला, असं त्यांचं मत पडलं.

मग मी काय हातावर हात ठेवून बसणार होते? आपल्या गल्लीच्या तोंडाशी गायत्री राहते, बँकेत आहे, रस्त्यावरची जखमी कुत्री घरी आणून बरी करते. तिच्याकडे एक पिल्लू होतं. आई बहादरपूरच्या केळीच्या मळ्यातली गावठी, बाप शेजारच्या बंगल्यातला लॅब्राडोर. केळीची पानं भरलेल्या ट्रॉलीत सापडलं, एक पाय दुखावलेला. आता पाय बरा आहे. कान गावठी, उभे; पंजे मात्र बापावर गेलेत, भाकरीएवढे. रंग असा पांढरट, भुसभुशीत की मी जागेवरच नाव ठेवलं, दराबा. ताटात वाढलेला आपला रवा-तुपाचा गोड दराबा तसाच दिसतो की नाही?

पितृपक्षात घरात नवीन काही आणत नाहीत, असं तुमचे दादा म्हणाले. मी म्हटलं, कुत्रं म्हणजे काय फ्रीज आहे? परवा घेऊन आले. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, रीतसर आत घेतलं. सुभेदार सगळं बघत होता. आठवड्यात दोघांची गट्टी जमते की नाही पाहा. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय मी, दोन कुत्री काय जड आहेत?

तुमचा लोभ तुपासारखा असू द्या, थंडीत घट्ट आणि जवळ घेतलं की पातळ.

तुमची,
वैजयंती

*

नाशिक
३० सप्टेंबर २०२४

ती. सौ. वैजयंतीवहिनीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून सायली खो खो हसली. सासूबाई, तुमच्या वहिनी म्हणजे हेडमास्तरच, असं म्हणाली. मी काही हसले नाही.

वहिनी, सुभेदार नऊ वर्षांचा आहे. त्याचं दुःख ताजं असताना तू घरात धुडगूस घालणारं पोर आणून ठेवलंस. म्हाताऱ्या माणसाची बायको गेली म्हणून त्याच्या खोलीत पाळणाघर उघडतात का? दादाला विचारलंस तरी का तू? विचारलं नसशीलच. लग्न होऊन आलीस तेव्हा आईला न विचारता चुलीच्या जागी गॅस घेतलास, तीच तू. गॅस चांगलाच निघाला, तो भाग वेगळा.

मी इथे चौथ्या मजल्याच्या खिडकीत बसून पार्किंग बघते. मुलगा-सून प्रेमाने करतात, तक्रार नाही. पण सुभेदाराला तुझ्या दारात सोडून निघाले तेव्हा तो रिक्षामागे तुझ्या फाटकापर्यंत आला होता, ते विसरता येत नाही. तो तिथे नीट आहे, या एका गोष्टीवर माझी झोप आहे. त्याला काही झालं तर मी काय करू? म्हणून खरं खरं लिही. तुझ्या खुशालीच्या पत्रांतून खरं काढायला मला चाळणी लागते.

दादाला सांग, स्पीकर बंद करायचं बटण डावीकडे आहे.

माया असू दे, आणि जरा काळजीही कर.

तुझी,
सुलभा

*

शनवारा, बऱ्हाणपूर
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुलभावन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

खरं लिहिते. चाळणी ठेवून द्या.

गट्टी जमलेली नाही. पिल्लाचा दोष नाही, ते गुणी आहे. तुमच्या दादांची एक चप्पल त्याने कुरतडली, तर त्यांनी दुसरीही त्यालाच दिली, एकीचा काय उपयोग म्हणून. पितृपक्षवाले हेच बरं का! पण सुभेदाराने निम्मं होतं तेही खाणं सोडलं आहे. पाणी पितो, माझ्या हातून दुधाचा एखादा घोट घेतो, आणि वाडग्यासमोर नेलं की तोंड फिरवून जिन्याखाली जातो. पिल्लाला चावत नाही, गुरगुरतही नाही. ते समोर नाहीच, असं धरून चालतो. भांडी घासायला येते त्या मालूबाईने बघितलं आणि सरळ निकाल दिला, हाऊ रुसेल शे, हा रुसलाय.

मी कमी काही केलेलं नाही. सगळं सासूबाईंच्या शिस्तीने चाललं आहे. पाहुण्याचं पान आधी, घरच्यांचं मागून, हा त्यांचा दंडक मी या घरात आल्यापासून एकदाही मोडलेला नाही. पिल्लाची दूध-भाकरी आधी कुस्करते, त्याचं पोट भरलं की सुभेदाराला हाक मारते. पूर्वी सुभेदार आधी आणि बिजली मागून जेवायची, पण तेव्हा दोघं घरचेच होते. आता पाहुणा आहे म्हटल्यावर त्याला उपाशी बघत ठेवून कसं चालेल?

गायत्री काल येऊन गेली. टाइम तो लगता है मावशी, असं म्हणाली खरी, पण सुभेदाराच्या बरगड्यांवरून हात फिरवताना तिचं तोंड उतरलं. कोजागरीपर्यंत तो खाऊ लागला नाही तर दुसऱ्या दिवशी ती पिल्लू परत नेणार, असं ठरलं आहे. तिच्या घरात आधीच सहा आहेत, त्यामुळे ते परत मळ्याकडेच जाईल, जिथे ट्रॉल्या फिरतात. तसं होऊ नये असं फार वाटतं. आणि तुमचा सुभेदार माझ्या हातात असा वाळत जावा हे तर मला सहनच होत नाही. दोघांपैकी एक निवडायचा म्हटलं तर सुभेदारच निवडीन, पण दराबाला उचलून देताना माझे हात उठतील असं वाटत नाही.

तरी मी हरलेली नाही. उद्या खिमटात तूप घालून बघणार आहे.

लोभ ठेवा. सध्या या घरात त्याची गरज आहे.

तुमची,
वैजयंती

*

नाशिक
१० ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वैजयंतीवहिनीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुषारच्या हाती स्पीडपोस्टाने धाडते आहे, म्हणजे कोजागरीच्या आत तुला मिळेल. फोनवर सांगता आलं असतं. पण जे लिहायचं आहे ते दादाच्या स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

तूप-खिमट राहू दे. सुभेदाराचा वाडगा आधी भर. पिल्लू ओरडेल, ओरडू दे. सुभेदार तोंड लावेपर्यंत पिल्लाला थेंब देऊ नकोस. त्याला आपला दंडक काय ठाऊक? पाहुणा, घरचा, हे त्याला कुणी शिकवलं? त्याने एवढंच पाहिलं, की बिजली गेली आणि ज्याला दारात ओवाळून आत घेतलं त्याचा वाडगा आधी भरला जाऊ लागला. त्याला वाटलं असणार, आता आपलं या घरातलं काम संपलं.

हे मला कसं कळलं, ते आता ऐक आणि रागावू नकोस. मे महिन्यात मी आले होते. तू आमरस केलास, पाट मांडलास, आणि माझं पान आधी वाढलंस. दादाचं त्यानंतर, तुझं सगळ्यांत शेवटी. केवढ्या प्रेमाने वाढलंस! पण माझ्या घशाखाली घास उतरेना. गल्लीपलीकडे दिलेली मी, रोज मागच्या दाराने यायचे. आईच्या वेळी पुरुषांची पानं उठली की तू आणि मी स्वयंपाकघरात बसायचो, तव्यावरची शेवटची पोळी अर्धी अर्धी करायचो. आणि आता मला पाटावर पहिलं पान. उन्हामुळे भूक नाही म्हणाले आणि तू कैरीचं पन्हं करून दिलंस.

वहिनी, मान मिळाला की माणूस घरचा राहत नाही. पिल्लाला घरचं करायचं असेल तर त्याला मागून जेवू दे.

सुभेदाराच्या कानामागे माझ्या वतीने खाजव. डाव्या.

माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं, हे ओळखून घे.

तुझी,
सुलभा

*

शनवारा, बऱ्हाणपूर
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुलभावन्सं,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र हातात पडलं ती संध्याकाळची वेळ होती. पहिल्यांदा वाचलं ते सुभेदारासाठी. दुसऱ्यांदा वाचून पदर डोळ्यांना लावला, तर तुमच्या दादांनी विचारलं की काय झालं. कांदा, मी म्हटलं. हातात कांदा नव्हता, पण असलं काही लक्षात येणाऱ्यांतले ते नाहीत.

लगेच सुभेदाराचा वाडगा भरला. दराबाला खिडकीच्या गजाला बांधलं. त्याने अशी बोंब ठोकली की पलीकडच्या घरून विचारायला आले. सुभेदार जिन्याखालून उठला, वाडग्यापाशी आला, वाडग्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला म्हटलं, तुझंच आहे. त्या दिवशी नुसता हुंगून उभा राहिला, पण तोंड फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धं खाल्लं. मी मालूबाईला मिठी मारली, ती साबणाच्या हातांनीच हसायला लागली.

कोजागरीच्या दिवशी दराबाने दोरी कुरतडली आणि सुभेदार जेवत असताना थेट त्याच्या वाडग्यात तोंड घातलं. सुभेदार इतक्या दिवसांत पहिल्यांदा गुरगुरला, चांगला पोटातून. पिल्लू जागच्या जागी पोट वर करून पसरलं. मग सुभेदाराने सावकाश आपलं खाणं संपवलं, म्हणजे संपवत आणलं, तळाशी थोडी भाकरी ठेवली आणि दोन पावलं बाजूला होऊन बसला. दराबा सरपटत गेला आणि वाडगा चाटून लख्ख केला. बिजलीसाठी तो असंच ठेवायचा, आठवतं?

दुसऱ्या दिवशी गायत्री टोपली घेऊन आली. दोघं उंबऱ्यात आडवे, पिल्लाचं डोकं सुभेदाराच्या पाठीवर. तिने टोपली तिथेच ठेवली आणि मावाजिलेबी खाऊन गेली. टोपलीत आता दराबा निजतो, आणि गोणपाट सुभेदाराने स्वतः ओढत टोपलीशेजारी आणलं आहे. खातो आहे, वन्सं. बरगड्या झाकल्या जातील. मी म्हटलंच होतं की गट्टी जमेल, फक्त आठवडा जरा लांबला.

आता तुमचं. भाऊबीजेला तुषार तुम्हाला आणून सोडणार आहे, हे दादांनी परस्पर ठरवलं आहे, स्पीकरवर. या. पण पाट मांडणार नाही, सांगून ठेवते. दादांना ओवाळा, त्यांना आणि तुषारला वाढा, हो, तुम्हीच वाढा. मग सुभेदाराचं, मग दराबाचं. सगळ्यांचं आटोपलं की स्वयंपाकघरात या. तव्यावर शेवटची पोळी ठेवीन, अर्धी तुमची.

मागच्या दाराची कडी काढून ठेवते.

तुमची,
वैजयंती