लीक, पत्रा आणि ‘हार्टफेल्ट’ माफी

आदरणीय श्री. कथबर्ट टीझडेल यांस,

शेजारच्या घरातून अर्नी हेपलचा नमस्कार. तब्येत बरी असावी. गुडघा पुन्हा धरलाय हे तुझ्या चालण्यावरून कळतं, पण विचारायची चोरी झाली आहे, कारण एकवीस दिवस झाले, मी दिसलो की तू मान फिरवतोस. (‘आदरणीय’ वाचून दचकू नकोस. चाळीस वर्षं ‘अरे टकल्या’ म्हटल्यावर एकदम माफीकडे वळायला हात रेटेना.)

परवा शनिवारी लीकचं प्रदर्शन, म्हणजे आपली वर्षाची स्पर्धा. लंडनवाल्यांना लीक म्हणजे कांद्याची लांबुडकी बहीण वाटते, पण आपल्या डरहॅमकडच्या खाणगावात कुणी कुणाची बायको पळवली तर लोक महिनाभर बोलतात आणि लीक कापली तर तीन पिढ्या. म्हणून त्या सकाळी माझ्या तीन लीक चिरलेल्या दिसल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. क्लबात भरला ग्लास हातात घेऊन सगळ्यांदेखत मी तुझं नाव घेतलं. तू ग्लास खाली ठेवलास, टोपी चढवलीस आणि निघून गेलास. एखादी शिवी हासडली असतीस तर फार बरं झालं असतं. चार दिवसांनी वारा सुटला, आणि चोरांना घाबरवायला मीच टांगलेल्या पत्र्याने माझ्या डोळ्यांदेखत चौथी लीक कापली. कडेला अजून हिरवा चीक लागला आहे, हवं तर येऊन बघ.

प्रदर्शनाच्या समितीने ठराव केला : हेपल यांनी ‘हार्टफेल्ट’ माफी लिहून क्लबच्या फळ्यावर लावावी, नाहीतर त्यांची लीक टेबलावर येणार नाही. मी लिहिलं, झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे. सेक्रेटरी मेव्हिस कोल्थर्ड (चष्म्यातून कधी बघत नाही, वरूनच बघते) म्हणाली, “अर्नी, असला खेद रेल्वेवाले रोज व्यक्त करतात.” मी लिहिलं, चूक झाली असल्यास क्षमस्व. त्यातल्या ‘असल्यास’वर तिने पेन्सिलीने दोनदा रेघ मारली. तिसऱ्यांदा मी हृदय, अश्रू, आत्मा सगळं कोंबलं. तिने वाचलं आणि विचारलं, “प्यायला होतास का रे?”

मग डिक्शनरी काढली. हार्टफेल्ट म्हणजे मनाच्या तळापासून वाटलेलं. उपयोग : आभार, शोक, माफी. दुकानात हा शब्द कार्डांवर सोनेरी अक्षरांत छापून मिळतो, म्हणजे आपल्याला तो तोंडाने म्हणावा लागत नाही. आपल्या गल्लीत तो कुणी उच्चारलेला मी तरी ऐकला नाही. तुझी बायको ईडी गेली त्या दिवशी मी कुंपणाशी येऊन म्हणालो, “वाईट झालं.” तू म्हणालास, “हं.” मग आपण अर्धा तास घोड्याच्या लिदीबद्दल बोललो, खताला जुनी चांगली की ताजी. घरात येऊन मी ढसाढसा रडलो, हे तुला कधी सांगितलं नाही. डिक्शनरीत लिदीचं उदाहरण दिलेलं नाही, पण मला वाटतं, त्या शब्दाचा अर्थ तोच असावा.

तर कथबर्ट, मी चुकलो. तुझ्यावर आळ घेताना माझी जीभ झडायला हवी होती. तू बोलत नाहीस तर या गावात माझं कुणीच नाही, आणि हे मला तीन आठवड्यांत चांगलंच कळलं आहे.

तुझा,
अर्नी हेपल

ता. क. – उद्या लीक काढायच्या. एकाने खणायचं, दुसऱ्याने मुळं न तोडता अलगद उचलायचं, हे एकट्याने होत नाही. येशील का? मग तुझ्याही काढू.

आणखी एक ता. क. – समितीने माझी माफी मंगळवारीच मंजूर केली. ती मेव्हिसनेच लिहून दिली, मी खाली नुसती सही ठोकली. हे पत्र माझ्याकडे कुणीही मागितलेलं नाही.