कोईमतूरचा भिडू

तीर्थस्वरूप कृष्णात दाजींना नाथाजीचा वाकून नमस्कार. (वाकलो ते तुम्ही आमच्या अक्काचे मालक म्हणून. नाहीतर सध्या तुमच्यापुढं मान हलवायचीसुद्धा माझी इच्छा नाही.) इकडं सगळं खुशाल. तुमची तब्येत फोटोवरून लय झकास दिसते. गाल वर आलेत. सूरजच्या कोईमतूरच्या गलाईच्या दुकानाची, त्या सोनं-चांदी गाळायच्या भट्टीची हवा बापाला मानवली म्हणायची. इथं असताना गुडघा धरतो म्हणून सोसायटीच्या ओट्यावर चढताना माझा खांदा लागायचा. तिथं चांगली मांडी घालून बसलाय.

तर त्या फोटोबद्दलच लिहायचं आहे. सूरजनं पाठवला आणि आमच्या सूनबाईनं, अंकितानं, मला कौतुकानं दाखवला. "मामा, बघा की, त्यांनी तिकडं बी पत्त्याची चौकडी जमवली!" बघितलं. तुमच्या समोर पांढऱ्या लुंगीतला एक मिशाळ माणूस. समोर! दाजी, बोलीच्या डावात समोर कोण बसतो हे मी तुम्हाला सांगायचं का? भिडू बसतो. विरुद्ध पार्टी आजूबाजूला. बावीस वर्षं त्या समोरच्या जागेवर मी बसलो. बायकोच्या समोर एवढा बसलो नाही.

आणि गड्याला खेळ येत नाही हे फोटोतच कळतं. पानं शेजाऱ्याला दिसतील अशी लांब धरलीत. तुम्हाला शिकवायला वेळ नसेल तर मी लिहून देतो, वाचून दाखवा. तेरा-तेरा पानं वाटायची. मग बोली. आपण आणि भिडू मिळून तेरातले किती हात ओढणार ते सांगायचं. साताच्या खाली बोलायचं नाही, आणि मागच्याच्या वर चढायचा दम नसेल तर पास म्हणून गप बसायचं. ज्याची बोली सगळ्यात वर, त्यानं हुकूम सांगायचा. उतारी ज्या रंगाची, तो रंग आपल्याकडं असेल तर तोच टाकायचा. नसेल तर हुकमानं कापायचं. बोलले तेवढे हात झाले नाहीत तर पार्टी बसली, आणि बसलेल्यानं पुढची पानं पिसायची. एवढं एका दुपारी कुणालाही येतं. (आमच्या म्हशीलाही आलं असतं, पण तिला पानं धरता येत नाहीत.) येत नाही ते पुढचं. समोरच्याच्या हातात काय आहे ते न बघता ओळखणं. त्याला वर्षं घालवावी लागतात.

आपल्याला तर जरा मदतही होती. हे फोनवर बोलता येत नाही, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. म्हणून हे पत्र. उजवा कान धरला की इस्पिकचा एक्का. नाक पुसलं की राजा. टोपी मागं सरकवली की माझ्याकडं काही नाही, तू तुझं बघ. आईच्यान सांगतो, घरात कुणालाही या खुणा मी सांगितल्या नाहीत. आणि फोटोत तुमचा हात कुठं आहे दाजी? उजव्या कानावर! आणि समोर तो मिशाळ हसतोय! चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. कान तुमचा, एक्का तुमचा, पण खूण आपल्या दोघांची होती. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

मग मीही इरेला पेटलो. तुमच्या जागी लालासाहेब सुभेदारांना बसवलं. पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, म्हटलं मिशाळापेक्षा वजनदार. गुंडा आणि जोतिबा विरुद्ध पार्टीला. पहिल्याच डावाला सुभेदारांनी उजवा कान धरला. दाजी, मी त्यांना खूण शिकवली नव्हती, शिकवणारही नव्हतो. (मी तुमच्यासारखा नाही.) पण सवय जाईल कुठं? कान दिसला की माझी जीभ आपोआप वर चढते. नऊ बोललो, हुकूम इस्पिक. एक्का निघाला जोतिबाकडं. बसलो. पुढच्या डावाला पुन्हा कान. दहा बोललो, पुन्हा बसलो. तिसऱ्याला त्यांनी दोन्ही कान धरले. मला वाटलं, आता दोन एक्के! अकरा बोललो. पाच हात झाले. गुंडा हसता हसता ओट्यावरून खाली गेला. शेवटी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "आवं सुभेदार, सारखं कान कशापायी धरताय?" तर म्हणतात, "ऐकायचं मशीन शिट्टी मारतंय रं. तू हुकूम इस्पिक बोललास व्हय? मी बदाम धरून खेळतुया."

तेव्हापासून आठ दिवस पानं मीच पिसतोय. तरी इथं तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. डाव रंगतो, माणसं बघायला उभी राहतात. तुम्ही तिकडं खुशाल राहा. अक्काला नमस्कार. मिशाळाला सांगू नका.

आपला (माजी) भिडू,
नाथाजी

ता. क. डाव रंगतो असं वर लिहिलंय ते खरं नाही. सुभेदार मेढ्याला लेकीकडं निघून गेले. आता आम्ही तिघंच. तुमच्या नावची तेरा पानं वाटून तीही मीच खेळतो. समोर कुणी नाही हे ठाऊक असतं, तरी बोली बोलायच्या आधी मान वर होतेच.

ता. क. दुसरा. आत्ताच अक्काचा फोन आला. तुमचा उजवा कान पिकलाय आणि पंधरा दिवस औषधाचे थेंब चालू आहेत म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं? मी फुकट जळलो. वरचा मजकूर खोडणार होतो, पण चार पानं झालीत आणि हात दुखतोय.

ता. क. तिसरा. मंगळवारी मिरजेहून निघतोय. त्या मिशाळाला उठवू नका, बसू द्या बिचाऱ्याला तुमच्या समोर. मला बाजूला, विरुद्ध पार्टीत बसवलं तरी चालेल, डावात असलो म्हणजे झालं. तुमची आणि अक्काची चार कापडं मात्र भरून ठेवायला सांगा. अंकिताला जातानाचं एक तिकीट काढायला सांगितलंय आणि परतीची तीन.