अळीचं उष्टं पान

तीर्थरूप आईस,

पाया पडते. मी ठणठणीत आहे. दोन्ही वेळा जेवते, खोकलाही आता फक्त पहाटेच येतो. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आमचे साहेब आठवतात ना? "तू फक्त दगड साफ कर, डोकं चालवू नकोस" म्हणणारे? मी फोडलेल्या दगडात उमटलेलं पुरातन पान त्यांनी स्वतःचा शोध म्हणून खपवलं होतं. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेलं नवंच झाड, म्हणे. अशी खाचाखाचांची कड दुसऱ्या कुठल्याच पानाला नाही! त्याला सासऱ्यांचं नाव दिलं आणि मोठी खुर्ची पटकावली.

परवा तोच दगड मी भिंगाखाली धरला. प्रत्येक खाचेच्या काठाला जाड खपली आहे. जिवंत पान कुरतडलं गेलं की धरते ना, तशी. आपल्या लिंबाच्या पानांवर तूच मला दाखवायचीस. शिरा पाहिल्या, तर आमच्या संग्रहाच्या कपाटातल्या, आधीच नाव दिलेल्या एका दगडी पानाशी हुबेहूब जुळल्या. म्हणजे नवं झाड नाहीच! सासऱ्यांचं नाव लागलंय ते अळीच्या उष्ट्याला.

सोमवारी हे भर सभेत पडद्यावर दाखवणार आहे. साहेब पहिल्या रांगेत बसतात. मी घाई करणार नाही, एकेक खाच मोठी करून दाखवीन. चिडून काही विचारलंच, तर हात जोडून म्हणेन, "साहेब, मी फक्त दगड साफ केला."

तू काळजी करू नकोस. माझी खोली अजून रिकामीच आहे ना? सहज विचारलं.

तुझी खुनशी लेक