व्रण कुणाचा नाही

मंगळवार, ता. ९ मार्च

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक हलका धपाटा. तू पाठवलेली औषधं पोचली. सोबत चार ओळी लिहिल्यास तर कुरियरवाला जास्त पैसे घेत नाही गं.

इकडे सगळं ठीक. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी रंगवून आणली. मला सध्या चालवायला मनाई आहे, म्हणून मी फळ्यावर शिकवते. तुझी आत्या अजूनही गाडी मागे घेताना डोळे मिटते.

माझा हृदयाचा एमआरआय झाला. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या होत्या. मग हृदय इतकं थकलं कशानं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. टेन्शन, म्हणून सगळे मोकळे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "गाडी चढावर बसली तर मी बॉनेट उघडते. तिला टेन्शन आलंय म्हणत नाही." त्या हसल्या, पण एमआरआय लिहून दिला.

नळीसारख्या मशीनमध्ये आडवं केलं. शिरेतून एक औषध सोडलं. कानाशी हातोडे बडवल्यासारखा आवाज, आणि मधूनच कुणीतरी सांगणार, "श्वास सोडा. आता धरा." जन्मभर मी लोकांना क्लच सोडा, ब्रेक धरा म्हणत आले. आता माझी पाळी.

काल रिपोर्ट आला. स्क्रीनवर माझं हृदय होतं आणि त्याच्या भिंतीत मधोमध एक पांढरी रेघ. "हा व्रण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हार्ट अटॅकचा असा नसतो. असा बऱ्याचदा घराण्यातून आलेल्या आजारात दिसतो. तुमच्याकडे कुणी अचानक गेलं होतं?"

"माझी आई. माझ्याच वयाची होती. माझा भाऊ घर सोडून गेला, ते तिनं मनाला लावून घेतलं..."

बोलता बोलता मी थांबले. शेजारी आत्या बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक.

"वहिनी," ती म्हणाली, "मी ठकूला फोनवर असंच बोलले. तू गेलीस म्हणून आईचं हृदय खचलं, असं."

औषधं येतात आणि तू का येत नाहीस, ते तेव्हा कळलं.

ठकू, तू नोकरीसाठी गेलीस याचा मला राग आला होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू? पण रागानं असा व्रण पडत नाही. मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं.

घरी येऊन तुझ्या मामाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, म्हणजे आई माझ्यामुळे गेली नाही?"

"आता तिची तपासणी कोण करणार? पण डॉक्टरांना तसंच वाटतंय."

पिकल्या केसांचा माणूस फोनवर लहान पोरासारखा रडला. एवढी वर्षं हे ओझं घेऊन फिरत होता, आणि आम्हाला पत्ता नाही. तुझ्या पाठीवर मी ते राहू देणार नाही.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतंय. पण नाही.

हा दोष घराण्यातलाच का, ते बघायला माझं रक्त तपासायला पाठवलंय. त्याचं काहीही येवो, मामानं आणि तू ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करायचीच. तुला आजार असेलच असं नाही. असला तरी लवकर कळला तर औषधांनी आवरता येतो. पण ऑफिसचा जिना चढताना धडधडतं, असं तू आत्याला म्हणाली होतीस ना? ते ऐकल्यापासून मला घास गिळवत नाहीये.

शनिवारची वेळ घेतली आहे, तुझ्याच शहरात. पत्ता मागे लिहिलाय. गाडी आत्या चालवणार, तिला तीच शिक्षा. मी शेजारी बसणार, मला कसली शिक्षा ते कळत नाही.

चिडलेली असशील तर चिडूनच ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण ये. तू आली नाहीस तर मी तुझ्या ऑफिसच्या दारात येऊन बसेन, आणि तू मला ओळखतेस.

तुझ्यामुळे आजारी न पडलेली, आणि माझ्यामुळे तू पडू नयेस म्हणून निघालेली,

तुझी आई