बाहेरचं कवच

सदाशिव पेठ, पुणे
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालू,

पूर्वी ‘चि.’ लिहायचे. आता धीर होत नाही. तू खराडीला नोकरी करतेस, एवढं आपल्या जुन्या खगोल संस्थेतल्या पूर्णिमाकडून कळलं. मी बरी आहे. निवृत्तीनंतर गुडघे आणि शेजारी दोन्ही कुरकुरतात.

मागच्या सोमवारी पूर्णिमाने आपण अभ्यासलेल्या त्या ताऱ्याची नवी छायाचित्रं पाठवली. म्हातारा तारा, भोवती त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूचं कवच. १९९७ साली तू म्हणाली होतीस, “मॅडम, याच्या बाहेर आणखी एक आहे. फार जुनं, फिकट. आतला वायू वेगाने फुगतोय. तो गाठेल तिथे ते पेटेल.” ते जिथे पेटेल तिथे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने तीन फुल्या मारल्या होत्यास.

तो कागद मी टाकला नव्हता. नवं छायाचित्र त्याच मापात छापून तो त्यावर ठेवला. भर दुपार होती, खाली स्कूटरी वाजत होत्या. तिन्ही फुल्यांखाली तीन उजळ ठिपके. त्यांना जोडणारी एक कमान, अर्धवट उघडलेल्या पापणीसारखी. कागद उचलला, पुन्हा ठेवला. ती तिथेच. तेव्हापासून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तरी ती दिसते. मी स्वयंपाकघरात बसते, तिथेही भिंत आहेच.

तुझं नाव मी संशोधनातून काढल्यावर तुझे वडील उत्तरेश्वरराव हिंगोलीहून आले. दारातच उभे राहिले. “मॅडम, पोरीचं काय चुकलं?”

मी म्हणाले, “तिला नसलेल्या गोष्टी दिसतात. घरी न्या, डॉक्टरांना दाखवा.”

ते हात जोडून गेले. पुढे तुला दोन वर्षं गोळ्या दिल्या, ठरलेलं लग्न मोडलं, हे सगळं माझ्या कानावर येत होतं.

आता लिहितेच. तू फुल्या मारल्यास त्या दिवशी, तू कँटीनला गेल्यावर मी छायाचित्र उजळून पाहिलं होतं. कवच होतं, शालू. पण माझा लेख छपाईला निघाला होता आणि सगळं गणित एकाच कवचावर उभं होतं. मी लेखातल्या छायाचित्राच्या कडा कापून टाकल्या.

काल मूळ छायाचित्र, तुझा कागद आणि मी केलेलं सगळं संपादकांना कळवलं. माझा लेख मागे घ्यायला सांगितला आहे. शोध तुझ्या नावावर जाईल.

माफी मागत नाही. ती तुला द्यावी लागेल, आणि तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं नाही.

तुला वेडी ठरवणारी,
सत्यशीला