चिमणीएवढं खाणं

९ मार्च
लाकडांच्या खोपटात बुटक्या स्टुलावर बसले होते, आणि उठता येईना! पाय माझेच, पण ऐकेनात. शेवटी गुडघ्यांवर खाली आले आणि ओंडक्यांच्या ढिगाला धरून कशीबशी उभी राहिले. कोणी बघितलं नाही ते बरं.
मेर्याला सांगणार नाही.

११ मार्च
सांगितलं. फोनवर तोंडातून निघूनच गेलं. लेक म्हणाली, "आई, बास झालं आता. ऑगस्टमध्ये तिथे खोली रिकामी होतेय. तुझं नाव घालते मी." तिथे म्हणजे गावातल्या वृद्धनिवासात. खिडकीतून दिसतं काय, तर गाड्या लावायची जागा! माझा नवरा तोइवो गेल्यावर अकरा वर्षं मी या तळ्याकाठी एकटी काढली, ती काय शेवटी गाड्या बघायला?

१६ मार्च
मेर्या येऊन गेली. हिरव्या पुडीचा डबा आणला. पाण्यातून घ्यायची, म्हणे आतली सगळी घाण धुऊन निघते. मग फ्रिज तपासला. खूश! "लोणी नाही, अंडी नाहीत, शाब्बास. तुझ्या वयाला लागतं कितीसं? चिमणीएवढं!" माझ्या कमरेला हात घालून म्हणाली, "माझी जुनी पँट होते तुला, आई! लोक जळतील." खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. शहात्तराव्या वर्षी लेकीची पँट!

२३ मार्च
आरोग्य केंद्रात गेले. आहाराचं बघणारी मुलगी आहे, हेन्रीका. केस निळे. आधी म्हणाली, "अल्लीबाई, हात न टेकता खुर्चीतून उठा बघू." नाही उठता आलं. पुन्हा बघितलं. नाहीच.

"दिवसभरात काय खाता?"

मी ऐटीत सांगितलं. सकाळी कॉफी नि टोस्ट, दुपारी गाजराचं सूप, संध्याकाळी चहा. सहानंतर काही नाही. बटाटा नाही, जाड करतो. अंडं नाही. तोइवोला हृदयाच्या दुखण्यात बंद केलं होतं, तेव्हापासून मीही सोडलं.

वाटलं, शाबासकी देईल. तिने पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही उपाशी आहात."

भडकलेच मी! "बारीक आहे मी, उपाशी नाही! म्हातारपणी भूकच कमी होते."

"भूक कमी होते, गरज नाही. तुमची चरबी नाही झडली, मांड्या झडल्यात. आणि ते पथ्य तोइवोंचं होतं, तुमचं नाही. रक्त तपासलंय तुमचं. अंडं खुशाल खा. बटाटाही खा. त्याने काय घोडं मारलंय?"

हिरव्या पुडीचं विचारलं. हसली. "घाण काढायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत. फुकट करतात ते काम!"

बसथांब्यावर बसून रडले. रागाने की कशाने, कळलं नाही.

२४ मार्च
अंडी खाल्ली. दोन. लोण्यात. मेले नाही!

१२ एप्रिल
मासे, वाटाण्याचं सूप, झोपण्याआधी वाटीभर चक्का. पहिला आठवडा पोट कुरकुरलं. भूक नसतानाही खाणं म्हणजे कामच आहे एक. कॉफी उकळेपर्यंत खुर्चीत ऊठबस करते, तेही हेन्रीकाने सांगितलंय.

आज धक्क्यावर विएनो भेटली. बायकांच्या लांब होडीची सुकाणूवाली. शाळेपासूनची मैत्रीण, जीभ तेव्हापासून तशीच! त्यांची एक वल्हेवाली मुलाकडे राहायला गेली, जागा रिकामी आहे.
मी म्हटलं, "मला घे."
वरपासून खालपर्यंत बघितलं तिने. "तुला? अगं, नांगर म्हणून टाकलं तरी वाहून जाशील!"
"जुलैतल्या शर्यतीपर्यंत बघ."
"खाऊन ये आधी," म्हणाली. पण नाही म्हणाली नाही!

४ मे
तळ्यावरचा बर्फ गेला. विएनोने बसवलं होडीत, सगळ्यात मागच्या फळीवर. दहा मिनिटांत हात भरून आले. पण घरी आल्यावर भूक लागली—खरी भूक! उकडलेले बटाटे, त्यावर शेपू आणि लोणी. किती वर्षांनी!

१९ मे
मेर्याचा फोन. "आई, रात्री आठला जेवतेस? त्याची सगळी चरबी होणार!"
म्हटलं, "होऊ दे. पोट घड्याळ बघत नाही."
"कोण सांगतं हे तुला?"
"निळ्या केसांची डॉक्टरीण."
मग हळूच म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?" कसली, ते विचारायच्या आत फोन ठेवला.

६ जून
मेर्याच्या जुन्या पँटचं बटण लागत नाही!! ओढून बघितलं, श्वास धरून बघितलं. नाही म्हणजे नाही. आरशासमोर उभी राहून मोठ्याने हसले. कात्रीने पट्ट्या काढल्या तिच्या, सतरंजीत विणीन.

२० जून
हेन्रीकाकडे. खुर्चीतून उठले. हात छातीवर बांधून. पुन्हा बसले, पुन्हा उठले, पुन्हा! ती म्हणाली, "पुरे, बाई, पुरे." मी कुठली थांबते!

१२ जुलै
शर्यत. बेटाला वळसा घालून परत. आमच्या होडीत साठीच्या आतली एकही नाही. शेजारच्या होडीत व्यायामशाळेतली पोरं. सुटताना एकजण ओरडला, "आज्या, दमलात तर दोर टाकतो!"

अर्ध्या वाटेत हात जळायला लागले. विएनो सुकाणूवरून ओरडत होती, "अल्ली, बटाटे कुठे गेले तुझे? काढ बाहेर!" काढले. बेटाच्या टोकाला त्या पोरांची लय तुटलेली, एकाची मान खाली. आम्ही शेजारून गेलो. विएनोने विचारलंच, "दोर टाकू का रे?" सगळी होडी हसली, आणि हसता हसता ओढत राहिली.

पहिल्या नाही आलो. पण त्यांच्या पुढे आलो! धक्क्यावर मेर्या. घसा फाटेपर्यंत ओरडत होती, "ओढ, आई, ओढ!" होडीतून माझी मी उतरले, कोणाचा हात न धरता. तिने मिठी मारली. कानात म्हणाली, "तुझं नाव काढून टाकलं त्या वृद्धनिवासातून. परवाच."

माझं घर. माझं तळं. माझे पाय!

१३ जुलै
मेर्या राहिली. आज दोघी सॉनात, आमच्या वाफेच्या खोलीत बसलो, कितीतरी वर्षांनी. दरवेळी काही ना काही निमित्त काढून टाळायची. टॉवेल सोडला तिने. माझ्या लेकीच्या बरगड्या. मला तापल्या दगडांवर पाणी ओतायचं सुचेना.
"आई, मला जेवायची भीती वाटते," म्हणाली. "लहानपणापासून."
हेन्रीकाची वेळ घेतली आहे. मेर्यासाठी.